भूक, साखर आणि घड्याळ

आपल्या घरांतून पाहुण्याची परीक्षा पंगतींत होते आणि यजमानाचीही तेथेंच होते. पानांतलें संपण्यापूर्वीं पुन्हा वाढणें, 'नको' या शब्दाचा अर्थ 'थोडें' असा घेणें, आणि कोणाचा चेहरा जरा उतरलेला दिसतांच त्याच्या हातीं साखरपाण्याचा पेला देणें, या गोष्टींना आपण माया समजतों. ती माया खोटी आहे असें कोण म्हणेल? परंतु हल्लीं आपल्या पंगतींत एक नव्या प्रकारचा जेवणारा येऊन बसला आहे. वजन उतरविण्यासाठीं ज्याच्या जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला हीच माया कधीं उपकारक होते, तर कधीं अपायकारक. कोणत्या वेळीं काय, हें वाढणाराला ठाऊक असावें लागतें. आम्हांला तें ठाऊक नव्हतें. आमच्या अज्ञानाची किंमत आमच्या थोरल्या वहिनींनीं दिली. म्हणून ती हकीकत आणि तिच्यापासून आम्ही जें शिकलों तें, येथें सांगण्याचें योजिलें आहे.

गणेशचतुर्थीचा दिवस

आमचें घर पुण्यांतलें, एकत्र कुटुंबाचें. जेवणारीं माणसें अकरा. वहिनींचें वजन 108 किलोंवर गेलें होतें. गुडघे धरलेले, त्यांत मधुमेह. 2021 सालच्या डिसेंबरांत त्यांच्यावर 'गॅस्ट्रिक बायपास' या नांवानें ओळखली जाणारी शस्त्रक्रिया झाली. दीड वर्षांत वजन 71 किलोंवर आलें, मधुमेहाचीं औषधें डॉक्टरांनीं बंद केलीं, आणि घरांत सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पहिले सहा महिने तर वहिनींना भूक म्हणून लागत नसे; 'वहिनी, जेवायची वेळ झाली' अशी आठवण द्यावी लागे. पुढें भूक परत आली, पण विचित्र रूपानें आली. जेवून दोन तास झाले न झाले तोंच त्या स्वयंपाकघरांत येऊन डबे उघडीत. तें आम्ही पाहत होतों. तोंडानें कांहीं बोललों नाहीं. परंतु मनांत म्हटलें, 'पोटाची शस्त्रक्रिया झाली, जिभेची कशी व्हावी?'

2023 सालच्या गणेशचतुर्थीस आरती व्हावयास दोन वाजले. वहिनी सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. पानें वाढलीं तशी आईंनीं प्रथम दोन उकडीचे मोदक त्यांच्या पानांत ठेविले, वर तुपाची धार धरली आणि म्हणाल्या, "सूनबाई, गरम आहेत तोंवर आधीं हे खा. देवाचा प्रसाद आहे, त्याला नाहीं म्हणूं नये." वहिनींनीं खाल्ले. वीस मिनिटें झालीं नसतील, तोंच त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडूं लागली, पोटांत कळ आली. 'उपाशी राहिल्यानें चक्कर आली' असें आम्हीं सर्वांनीं एकमतानें ठरविलें आणि त्यांना पेलाभर सरबत पाजलें.

चार वाजतां त्या नारळ मोजावयास बसल्या. सात नारळ त्यांना मोजतां येईनात. हात कांपत होते, बोलणें असंबद्ध होत होतें. आईंना स्वतःला मधुमेह असल्यामुळें साखर मोजण्याचें यंत्र घरांत होतें. त्यांत आंकडा आला 48. मग काय विचारतां! सरबत, पेढे, पुन्हा सरबत. अर्ध्या तासांत वहिनी सावरल्या. आणि साडेसहाच्या सुमारास पुन्हा तोच कंप, तोच घाम. या वेळीं आंकडा 58.

त्या रात्रीं कोणीसें म्हणालें, "एवढे पैसे घालून शस्त्रक्रिया केली, तरी गोडाची वासना कांहीं सुटत नाहीं." वहिनींच्या कानीं तें गेलें. तेव्हां त्या रडत रडत बोलल्या कीं, सहा महिने असेंच चाललें आहे. रात्रीं कंप सुटतो म्हणून कपाटांत साड्यांच्या मागें बर्फीचा डबा ठेवला आहे. खाल्लें कीं बरें वाटतें आणि मागाहून पुन्हा तेंच होतें. "भाऊजी, मला हांवरट म्हणवत असेल तर म्हणा, पण मला हें आवरत नाहीं, आणि कां आवरत नाहीं हेंही कळत नाहीं." आम्हांला उत्तर सुचलें नाहीं, कारण त्यांनीं उच्चारलेला शब्द आमच्याच मनांतला होता.

पोटांतला दरवाजा

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही त्यांच्याबरोबर अंतःस्रावांच्या तज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं जें समजाविलें तें असें.

निसर्गानें जठराच्या तळाशीं स्नायूंचा एक दरवाजा ठेविला आहे. जठर अन्न घुसळतें आणि हा दरवाजा तें थोडें थोडें करून लहान आंतड्यांत सोडतो. बायपास शस्त्रक्रियेंत जठराच्या वरच्या भागाची सुमारें 30 मिलिलिटरांची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, एक पिशवी करतात आणि ती एकदम पुढच्या आंतड्यास जोडतात. दरवाजा वाटेंतून बाजूला पडतो. ज्या शस्त्रक्रियेंत जठर उभें कापून केळ्यासारखी अरुंद नळी ठेवितात, तिच्यांत दरवाजा शाबूत असतो. तरीही नळी लवकर रिकामी होत असल्यामुळें हा त्रास तेथेंही होऊं शकतो.

आतां साखरेचा पाक, सरबत किंवा मऊ भात अशा वाटेनें गेला, म्हणजे दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात, आणि त्यांचें बाह्य रूप सारखें दिसतें हीच फसगत आहे. पहिली गोष्ट दहा मिनिटांपासून तासाभराच्या आंत घडते. साखरेचा दाट लोंढा आंतड्यांत उतरतो आणि तो विरळ करण्याकरितां रक्तांतलें पाणी आंतड्यांत ओढलें जातें. त्यामुळें धडधड, घाम, कळ, मळमळ, कधीं जुलाब. या वेळीं रक्तांतली साखर कमी झालेली नसते. बहुधा चढलेलीच असते. दुसरी गोष्ट एक ते तीन तासांनीं घडते. साखर एकाएकीं चढल्यामुळें आणि आंतड्यांतून सुटणाऱ्या जीएलपी-1 या हार्मोनच्या प्रेरणेमुळें इन्सुलिन गरजेपेक्षां फार अधिक सुटतें, आणि चढलेली साखर खालीं कोसळते. घाम, कंप, भ्रम आणि अनावर भूक हीं तिचीं चिन्हें.

म्हणजे आमच्या वहिनींना अडीच वाजतां जें झालें तें एक, आणि चार वाजतां जें झालें तें दुसरें. पहिल्या वेळीं दिलेल्या सरबतानें दुसऱ्याची तयारी केली. दुसऱ्या वेळीं साखर देणें योग्य होतें. परंतु आम्हीं इतकी दिली कीं तिच्यापायीं साडेसहाचा प्रसंग ओढवला. ज्या भुकेला आम्ही वासना म्हणत होतों, ती कोसळलेल्या साखरेनें मेंदूनें मारलेली हांक होती.

हा विकार नवा नव्हे. व्हिएन्ना येथें बिलरोथ या शस्त्रवैद्यानें 1881 सालीं जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढें जठरव्रणाच्या रोग्यांवर अशा शस्त्रक्रिया होऊं लागल्या आणि जेवणानंतर घाबरें होणारे रोगी डॉक्टरांना दिसूं लागले. 1922 सालापासून या अवस्थेस 'डम्पिंग' म्हणतात. गाडी ओतावी तसें अन्न आंतड्यांत ओतलें जातें, हा त्या शब्दाचा भाव. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनीं 1966 सालीं स्थूलतेवर बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यानंतर साखर गंभीरपणें कोसळणाऱ्या सहा रोग्यांची हकीकत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं 2005 सालीं प्रसिद्ध केली, तेव्हांपासून या बाजूकडे वैद्यकाचें विशेष लक्ष गेलें. हा दुसरा प्रकार बहुतकरून शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटल्यावर दिसूं लागतो. तोंपर्यंत रोगी बरा झाला म्हणून घर निश्चिंत झालेलें असतें.

चार प्रकारची भूक

भुकेविषयीं आम्ही नवें ऐकलें तें हें. 1999 सालीं कोजिमा व कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनीं ग्रेलिन नांवाच्या हार्मोनचा शोध लाविला. हें भूक जागविणारें हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटांत तयार होतें. जठराची नळी करतांना तो घुमट काढून टाकितात, म्हणून भूक मंदावते. बायपासमध्यें आंतड्यांतून सुटणारीं तृप्तीचीं हार्मोन वाढतात, म्हणून ती मंदावते. परंतु शरीर जुनें वजन विसरत नाहीं. कांहीं महिन्यांनीं भूक थोडीबहुत परततेच. भूक परतली म्हणजे शस्त्रक्रिया फुकट गेली किंवा रोग्याचा निग्रह सुटला, असा अर्थ करूं नये.

वहिनींना डॉक्टरांनीं भूक ओळखावयास शिकविलें. खरी भूक हळूहळू चढते आणि उसळ असो, पनीर असो, कशानेंही भागते. मनाची भूक एकाएकीं येते आणि तिला नेमका चिवडाच हवा असतो. कोणी उलट बोललें असेल किंवा दुपारीं घर सुनें असेल तेव्हां ती येते. तिसरी भूक वस्तुतः तहान असते. जेवतांना पाणी वर्ज्य झाल्यामुळें या लोकांच्या पोटांत पाणी कमी जातें. चार घोट पिऊन दहा मिनिटें थांबलें कीं ती निवते. चौथी भूक घाम, कंप आणि धडधड बरोबर घेऊन येते. तिच्याशीं वाद घालूं नये. बोटाला सुई टोंचून साखर मोजावी.

पान वाढण्याची नवी रीत

उपाय ऐकून आईंना प्रथम हंसूं आलें, कारण ते सारे स्वयंपाकघरांतलेच होते. ते पाळणें मात्र हंसण्याइतकें सोपें नव्हतें.

पहिला नियम क्रमाचा. आपलें पान वरणभातानें आरंभून दहीभातानें संपतें. वहिनींच्या पानांत आतां आधीं मटकीची उसळ, पनीर किंवा दह्याचा चक्का येतो. मग भाजी आणि कोशिंबीर. आणि पोटांत जागा उरली तर शेवटीं दोन घांस भात किंवा अर्धी ज्वारीची भाकरी. दाट, चावून खाण्याजोगीं प्रथिनें आधीं गेलीं म्हणजे मागून येणारें पिष्ट सावकाश रक्तांत उतरतें आणि पोटही अधिक वेळ भरलेलें राहतें. दिवसाकांठीं निदान 60 ग्रॅम प्रथिनें त्यांना सांगितलीं आहेत. शाकाहारी घरांत तीं आपोआप होत नाहींत. 100 ग्रॅम पनीरमध्यें सुमारें 18 ग्रॅम आणि 100 ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळींत सुमारें 24 ग्रॅम प्रथिनें असतात. पण ही डाळ शिजून पातळ वरण झालें कीं तें चार माणसांना पुरतें, हें आपण विसरतों. म्हणून आईंनीं मुगाचीं धिरडीं, दाट पिठलें आणि सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा सुरू केला. ज्या घरीं अंडें चालतें त्यांचें काम अधिक सोपें आहे.

दुसरा नियम पाण्याचा. जेवतांना तांब्याभांडें पानाशेजारीं ठेवावयाचें नाहीं, आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाहीं. कारण पाण्याबरोबर अन्न लवकर खालीं वाहून जातें. आमच्या काकांना आपोशनाची चिंता पडली. पळीभर पाण्यानें बिघडत नाहीं, असें डॉक्टरांनीं हंसत सांगितलें.

तिसरा नियम वेळेचा. तीन ते चार तासांनीं थोडें खावयाचें आणि तेंही वीस ते तीस मिनिटें चावून. 'आधीं सर्वांचें होऊं दे, मग मी बसतें' ही आपल्या घरांतल्या सुनांची जुनी रीत या दुखण्याची सख्खी मैत्रीण आहे. ती मोडणें आम्हांला सर्वांत कठीण गेलें. नैवेद्य झालेला नसतांना सुनेनें कसें खावें, हा प्रश्न आईंनीं दोन दिवस मनाशीं घोळविला आणि मग स्वतःच निकाल दिला कीं, औषध घेण्यास कोणी नैवेद्याची वाट पाहत नाहीं.

चौथी गोष्ट फराळाची. चिवडा, शेव, बिस्किटें यांचा तोंडांतच भुगा होतो आणि तो पिशवींतून घसरून जातो. बशी संपते, पण भूक संपत नाहीं. चहांत बुडविलेलें बिस्किट तर पाण्यासारखेंच. त्याऐवजीं मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे चावून खाल्ले तर टिकतात.

उपवासांचा प्रश्न आम्हांला अवघड वाटला होता. दिवसभर निराहार आणि मग साबूदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, केळें, असा आपला उपवास असतो. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. या दुखण्याला यापेक्षां प्रतिकूल जेवण योजणें कठीण. वहिनींनीं एकादशी सोडली नाहीं. तिचें रूप पालटलें. पनीर, दाण्याची आमटी, दाट दहीं आणि राजगिऱ्याची लहानशी भाकरी, तीही वेळच्या वेळीं. दूध, फळ व औषध यांनीं व्रत मोडत नाहीं अशी सवलत आपल्या धर्मशास्त्रानेंच दिली आहे, आणि आजाऱ्याला तर उपवासच सांगितलेला नाहीं.

साखर कोसळली तर

एवढें करूनही झटका येऊं शकतो. त्या वेळीं घरांतल्या माणसांनीं काय करावें, तें प्रत्येकाला पाठ असलें पाहिजे. आधीं घड्याळ पाहावें. जेवून तासही झालेला नसेल तर माणसाला आडवें करावें, साखर मोजावी आणि आंकडा उतरलेला नसल्यास गोड मुळींच देऊं नये. आंकडा 70 च्या खालीं असेल, किंवा चिन्हें स्पष्ट असून यंत्र जवळ नसेल, तर सुमारें 15 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यांतून द्यावी. पेढ्यांचा डबा पुढें करूं नये. पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजावें. आंकडा सावरला कीं लागलीच मूठभर शेंगदाणे, पनीरचा तुकडा किंवा अर्धी वाटी दहीं खावयास द्यावें, म्हणजे साखर पुन्हा कोसळत नाहीं. आंकडा 54 च्या खालीं गेला तर गोष्ट गंभीर समजून डॉक्टरांना त्याच दिवशीं कळवावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. ताबडतोब रुग्णालय गांठावें.

पिष्टाचें पचन सावकाश करणारें अकार्बोज हें औषध या विकारांत कधीं कधीं देतात. वहिनींना तें सुरू आहे. तें घेणाऱ्यास आपली नेहमींची साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाहीं. त्याच्यासाठीं घरांत आणि पिशवींत ग्लुकोजची पूडच ठेवावी लागते. ही गोष्ट आमच्या वैद्यकी जाणणाऱ्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हती.

वहिनींनीं एक वही घातली आहे. काय खाल्लें, किती वाजतां खाल्लें, केव्हां कंप सुटला, आंकडा किती, आणि साखर घेतल्यावर किती वेळांत बरें वाटलें, हें त्या लिहून ठेवितात. चिन्हें दिसणें, त्याच वेळीं साखर खरोखर उतरलेली असणें, आणि साखर देतांच आराम पडणें, या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय निदान पक्कें मानूं नये, असा दंडक अमेरिकन शस्त्रवैद्य व्हिपल यांनीं 1938 सालीं घालून दिला. तो आजही पाळतात. म्हणून अशी वही डॉक्टरांना फार उपयोगीं पडते. साखर जर उपाशीपोटीं, पहांटे किंवा जेवणाशीं संबंध नसतांना उतरत असेल, तर कारण निराळें असूं शकतें आणि त्याचा शोध निराळा घ्यावा लागतो. ज्यांना असे झटके येतात त्यांनीं ते आटोक्यांत येईपर्यंत गाडी चालवूं नये. आणि बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. बरें वाटलें म्हणून त्या सोडूं नयेत.

वहीवरून सांगावयाचें तर, पूर्वीं आठवड्यांतून चार-पांच वेळां येणारा झटका वर्षाच्या अखेरीस महिन्यांतून एखाद्या वेळेवर आला. वजनही पुन्हा चढावयाचें थांबलें. बर्फीचा डबा वहिनींनीं आपणहून आईंच्या हातीं दिला. आमच्या दृष्टीनें त्यापेक्षां मोठी गोष्ट ही झाली कीं, त्यांना आतां डबा लपवावा लागत नाहीं. जेवणांच्या मध्यें त्या स्वयंपाकघरांत आल्या तर कोणी त्यांच्याकडे पाहत नाहीं, पाहिलेंच तर "आंकडा किती आला?" एवढेंच विचारतें.

अशा शस्त्रक्रिया आतां मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहींत, तेव्हां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज ना उद्यां असें कोणी असेल. त्यांस आमचें सांगणें इतकेंच. शस्त्रक्रिया एका माणसावर होते, परंतु तिच्यानंतरचें पथ्य साऱ्या घराला पाळावें लागतें. सून, जाऊ, नणंद, भाऊ, जो कोणी असेल, त्याच्या भुकेचा न्याय करण्यापूर्वीं त्याची साखर मोजा.

2024 सालच्या गणेशचतुर्थीस आरती पुन्हा लांबली. आईंनीं साडेबारा वाजतांच वहिनींना आंत बोलावून पनीर आणि उसळ खावयास घातली. पंगतीच्या शेवटीं त्यांच्या पानांत अर्धा मोदक वाढला, तूप घातलें, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, सावकाश चावून खा. चार वाजतां मी स्वतः मोजीन." चार वाजतां आंकडा आला 92. नारळ मोजावयास वहिनीच बसल्या.